शब्दचर्चा : कर्बोदके, पिष्टमय, मंड – मुलांना नेमकं काय सांगावं?

मूळ प्रश्न (इंदूर)

इथल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. रविवारी गल्लीतली मराठी मुलं घरी येतात, त्यांच्याकडून तेच धडे मराठीतून करून घेते. यंदा त्यांत नागपूरहून आलेली एक मुलगी आहे. तिच्या जुन्या पुस्तकात 'कर्बोदके', इथल्या पुस्तकात 'कार्बोहाइड्रेट' आणि 'मंड' (म्हणजे स्टार्च), तर घरी आजी म्हणते 'पिष्टमय पदार्थ'. परवा तिनं विचारलं, "ताई, पिष्ट म्हणजे पीठच ना? मग साखर पिष्टमय कशी?"

तिच्या आजोबांना मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा, पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या, "त्यात साखर कुठाय?" हे त्यांचं म्हणणं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकंच असतात, जवळपास सगळं पिष्ट, म्हणजे स्टार्च. हे त्या मुलीला आजोबांना पटवून देता यावं, असे शब्द मला हवे आहेत.

उत्तर (पुणे)

ताई, मुलीची शंका रास्त आहे. 'पिष्ट' म्हणजे दळलेलं. आपलं 'पीठ' त्यातूनच आलं. आपल्या जेवणात भात-भाकरीचाच वाटा मोठा, म्हणून 'पिष्टमय पदार्थ' हे नाव सगळ्या गटाला पडलं असावं. पण ते एका भावाचं नाव झालं, कुळाचं नव्हे. कुळाचं नाव कर्बोदके.

शब्द फोडून दाखवा: कर्ब अधिक उदक. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातलंच. परीक्षानळीत चिमूटभर साखर तापवा. वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब जमतात, तळाशी काळा कोळसा उरतो. उदक आणि कर्ब, दोन्ही डोळ्यांसमोर. एवढं मात्र बजावून सांगा, की साखरेत पाणी मुरलेलं नसतं, तापल्यावर रेणू मोडून ते तयार होतं. आणि हे प्रमाण प्रत्येक शर्करेला लागू पडत नाही. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये एक ऑक्सिजन कमी असतो.

उत्तर (वडोदरा)

आमच्याकडे गुजराती पुस्तकात 'कार्बोदित' आहे. माझी मुलं शाळेत कार्बोदित आणि घरी कर्बोदक म्हणतात, कधी अडलं नाही. 'मंड' मात्र मराठी मुलांच्या कानाला परका वाटेल.

प्रश्नकर्ती

परका आहे खरा, पण हिंदीत भाताच्या पेजेला 'माँड' म्हणतात, तिथून मुलांना धागा सापडतो. आपल्याकडे सुती साडीला खळ घालतात, इथला धोबी त्याला कलफ म्हणतो. तेही पिष्टच.

तरी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'चीक'. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळी ओतून दिली, की तळाशी पांढराशुभ्र, जड थर बसलेला असतो. बोटानं दाबला तर घट्ट, उचलला तर ओघळतो. हा थर म्हणजे मुख्यतः पिष्ट. ज्यानं चीक पाहिलाय त्याला वेगळी व्याख्या लागत नाही.

उत्तर (ग्वाल्हेर)

'शर्करा' आणि 'साखर' यांचंही बघा. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेती. साखर त्यातूनच आली, पण आज डब्यातली साखर म्हणजे एकटं सुक्रोज. दुधातली दुग्धशर्करा आणि फळांतली फलशर्करा वेगळ्या. डॉक्टर 'रक्तातली साखर' म्हणतात तेव्हा त्यांना ग्लुकोज अभिप्रेत असतं. तिथे 'रक्तशर्करा' म्हटलं तर आजोबांचं लक्ष साखरेच्या डब्यावरून थोडं हलेल.

आणखी एक. तंतुमय भागाला कृपया 'चोथा' म्हणू नका. चोथा आपण टाकून देतो. त्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच बनलेलं असतं, फक्त ते आपल्याला पचत नाही. पोट साफ राहायला मात्र लागतंच.

प्रश्नकर्ती

पटलं. इथल्या पुस्तकातला 'रुक्षांश' शाळेत ठेवीन, घरी 'तंतुमय पदार्थ'.

या रविवारी पोहे-जिलबी आणली. खायची वेगळी ठेवली, कारण आयोडीन लागलेलं तोंडात जाता कामा नये. पोह्यांवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, लगेच निळाकाळा डाग, म्हणजे पिष्ट. ताटलीत ओघळलेल्या पाकावर टाकला, तो पिवळसर तपकिरीच राहिला. जिलबी मोडून आतल्या मैद्यावर टाकला, तर पुन्हा काळा. (जिलबी आधी पूर्ण गार होऊ द्यावी लागते, गरम असताना रंग टिकत नाही.) एकाच जिलबीत पिष्ट आणि शर्करा!

मग प्रत्येकाला साध्या पोळीचा घास दिला आणि न गिळता चावत राहायला सांगितलं. मिनिटाभरानं नागपूरची मुलगी तोंड झाकून म्हणाली, "गोड लागतंय." लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्ट तोडून माल्टोज ही शर्करा करतं, हे तेव्हा सांगितलं. तिनं वहीत आजोबांसाठी ओळ लिहिली: 'साबुदाणा पिष्ट आहे, पोटात त्याची शर्करा होते.' संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. आजोबा पोळीचा घास चावत बसले होते.