मदत हवी आहे: विमा संपलेल्या गाडीचा अपघात, मामांवर दावा

नमस्कार मंडळी. मामांच्या गाडीची बारामतीजवळ एका दुचाकीला धडक बसली. माणूस वाचला, पाय मोडला. गाडीचा थर्ड पार्टी विमा तेव्हा संपलेला. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आलीय, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (अपघाताची भरपाई मागण्याचं कलम) खाली ९ लाखांची मागणी. विमा कंपनीच नाही म्हटल्यावर सगळं मालकावर, हे कळतंय. 'तारखेला जाऊच नका' म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, पण मग एकतर्फी निकाल लागेल ना!

वसुली कलेक्टरमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. सातबारा दोघा भावांच्या सामाईक नावावर आहे. धाकट्या मामांच्या हिश्श्याला धोका आहे का? दुचाकीवाला उलट्या बाजूने येत होता, पंचनाम्यात तशी नोंद आहे. त्याने रक्कम कितपत कमी होते? लोकअदालतीत हप्त्यांवर तडजोड केलेलं कुणी आहे का इथे?