भीतीनं माणूस घडवला का? बडोद्याच्या पुरातली एक मगर आणि काही प्रश्न

समाचे आजोबा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीनं २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि ती ३५ फुटांच्याही वर चढली. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. आम्ही तळमजल्यावरचे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आम्हाला तीन रात्री ठेवून घेतलं. पाणी ओसरल्यावर सकाळी खाली उतरलो, तर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक चिखलानं माखलेला ओंडका पडलेला. तो ओंडका नाही, हे मला कळायच्या आधी माझ्या पायांना कळलं. मी थिजून उभा होतो, हातावरचे केस उभे, आणि मग डोक्यात शब्द आला: मगर.

माझी तीन वर्षांची नात मात्र कडेवरून खाली उतरून तिला हात लावायला निघाली होती. सुनेनं किंकाळी फोडून तिला ओढून घेतलं.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. जमेल तेवढं वाचलं. दक्षिण आफ्रिकेत स्वार्टक्रान्स नावाची गुहा आहे. तिथं आपल्या प्राचीन भाऊबंदांपैकी एका लहान मुलाची कवटी सापडली. तिला मागच्या बाजूला दोन भोकं होती, आणि बिबट्याच्या खालच्या जबड्यातले सुळे त्या भोकांत बरोबर बसतात. त्याच देशात १९२४ साली ताउंगला सापडलेली कवटी २५ लाख वर्षांहून जुनी आहे. तीही तीन-चार वर्षांच्या पोराची. डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणांवरून ते पोर गरुडासारख्या मोठ्या शिकारी पक्ष्यानं मारलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपण शिकारी होण्याच्या कितीतरी आधी शिकार होतो.

म्हणून माझं म्हणणं असं: भीती ही माणसातली उणीव नव्हे, ते त्याचं भांडवल आहे. एकटा माणूस बिबट्यापुढे टिकला नसता. भ्यालो म्हणून एकमेकांना धरून राहिलो, विस्तव राखला, आळीपाळीनं जागलो. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ३३ प्रौढ माणसांची झोप २० दिवस मोजली. त्या २० दिवसांत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले असे क्षण एकत्र केले, तर ते जेमतेम १८ मिनिटं भरले. कोणी ना कोणी जागंच होतं. पुराच्या तीन रात्री आमच्या इमारतीत कोणी पाळ्या लावल्या नव्हत्या. तरी पहाटे तीनला मी उठलो की शेजारच्या आजी जिन्यात बॅटरी घेऊन पाण्यात बुडालेल्या पायऱ्या मोजत बसलेल्या दिसायच्या. म्हाताऱ्यांची झोप उडते याला आपण दुखणं समजतो. मला आता तो पहारा वाटतो.

इतिहासात जे जे उभं राहिलं, तटबंदी, धान्याची कोठारं, राज्यं, त्याच्या पायात ही भीती आहे. तुम्हाला काय वाटतं?

वाडीतली शिक्षिका

आजोबा, लिहिलंय मनापासून, पण मी असहमत आहे. तुमच्याच गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस तुम्ही दोन वाक्यांत उरकलात. ती तीन वर्षांची पोर मगरीकडे हात पुढे करून निघाली होती! लाखो वर्षांची भीती रक्तात असती, तर ती आधी तिला वाटायला हवी होती. ती तिला दिली आईच्या किंकाळीनं.

आणि इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर चरोतरात मलातज गाव आहे. तळ्यात मगरी आहेत आणि तळ्याच्या काठी लोक धुणं धुतात, गुरं पाण्यावर आणतात. तिथं खोडियार मातेचं देऊळ आहे आणि मगर हे देवीचं वाहन. दक्षिण गुजरातेतले आदिवासी लाकडी मगर कोरून मोगरा देवाची पूजा करतात. तेच जनावर, तीच माणसाची जात. आपण गल्लीत थिजतो, ते हात जोडतात. मग ‘रक्तात’ काय उरलं?

फतेगंजचा पोरगा

ताईंना +१. मलातजला गेलोय. तिथली लहान मुलं आपल्याला सांगतात, कुठं उभं राहायचं आणि कुठं नाही.

जीवशास्त्र शिकलेली

ताई, अर्धं पटलं. सुझान मिनेका या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला भीत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं, की काही मिनिटांत तीही घाबरायला लागली. इथवर तुमचीच बाजू.

पण पुढचा भाग ऐका. त्यांनी चित्रफिती अशा जोडल्या, की माकड फुलाला घाबरतंय असं दिसावं, किंवा खेळण्यातल्या सशाला. ते पाहून कुठलंही माकड फुलाला किंवा सशाला घाबरायला शिकलं नाही. खेळण्यातल्या सापाला मात्र शिकलं, आणि खेळण्यातल्या मगरीलाही. हो, मगरीलाच.

म्हणजे भीती तयार होऊन जन्माला येत नाही, पण वाफे आधीच आखलेले असतात. आजोबांच्या सुनेनं मोगऱ्याच्या कुंडीकडे बघून तशीच किंकाळी फोडली असती, तर नात दचकली असती, पण जन्मभर मोगऱ्याला भ्याली नसती. मला वाटतं, ही माकडं तुम्हा दोघांनाही पुरतं जिंकू देत नाहीत.

मांडवीचा जुना रहिवासी

मला या चर्चेत एक धोका दिसतो आणि तो मी स्पष्ट बोलणार आहे.

मी शहराच्या जुन्या भागात वाढलो. दंगली आणि संचारबंदीचे दिवस पाहिले आहेत. त्या दिवसांत आमच्या पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत, रात्री पाळ्या लावून जागत होतो, आजोबा म्हणतात तसंच. गच्चीवर विटा जमवल्या होत्या. ‘ते येताहेत’ अशी बातमी यायची. कोणी आलं नाही. पलीकडच्या पोळीतही त्याच रात्री तीच बातमी होती, आमच्याविषयी, हे मला पुढे पंधरा वर्षांनी तिथल्याच एका मित्रानं सांगितलं. तो आणि मी एकाच वयाचे, दोघांच्याही हातात वीट होती.

त्या भीतीनं आम्हाला एकत्र आणलं का? आणलं. पोळीतले भांडखोर भाऊसुद्धा त्या रात्री एका ताटात जेवले. पण कुणाच्या विरुद्ध? तुम्ही जिला भांडवल म्हणता, ते कोणीही व्याजानं उचलू शकतं. बिबट्या खरा होता. ‘ते येताहेत’ हे कोणीतरी रचलेलं होतं, आणि आमच्या अंगावरचे केस दोन्ही वेळा सारखेच उभे राहतात. केसांना फरक कळत नाही.

म्हणून ‘प्रवृत्तीच आहे’, ‘माणूस असाच आहे’ हे शब्द मला सहन होत नाहीत. ताउंगची कवटी ओळखणाऱ्या रेमंड डार्ट यांनी पुढे गुहांतल्या हाडांच्या ढिगांवरून सिद्धांत मांडला, की आपले पूर्वज खुनी होते, हाडं हीच त्यांची शस्त्रं होती. दोन महायुद्धं पाहिलेल्या जगाला ते पटलं. मग ब्रेन नावाच्या संशोधकानं तशाच गुहांतली हाडं वर्षानुवर्षं तपासली आणि दाखवलं, की असे ढीग बिबटे आणि तरस यांच्या जेवणाचे होते. बळी गेलेल्याच्या हाडांवरून त्याला खुनी ठरवलं गेलं होतं. ‘माणूस मुळात असा’ असं कोणी म्हणालं, की मला ते आठवतं.

समाचे आजोबा

मांडवीकर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्या जिन्यातल्या आजी आणि तुमच्या गच्चीवरची पोरं एकाच झाडाची फळं आहेत, हे मला मान्य करावं लागेल. मी फक्त गोड फळ दाखवलं.

दवाखान्यातला

तुम्ही सगळे दात-नखांवर अडलात. माणसाला खरं घडवलं ते न दिसणाऱ्या धोक्यानं. पूर्व गुजरातेतल्या आदिवासी पट्ट्यातले पेशंट आमच्याकडे येतात. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण तिथं मोठं आहे. आई आणि वडील दोघांकडून तो जनुक आला, तर आयुष्यभर वेदना. एकाकडूनच आला, तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. डासानं माणसाच्या रक्तात लिहून ठेवलेला इतिहास आहे हा, आणि त्याची किंमत आजही पोरं मोजतात. याला कुणाची किंकाळी लागली नाही.

आणि साथीत प्रवृत्ती नेमकी उलटी चालते. सप्टेंबर १९९४, सुरत. प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले. बडोद्याच्या स्टेशनवर उतरणाऱ्यांकडे लोक कसे बघत होते, ते मी विसरलेलो नाही. औषधाच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन संपलं. बिबट्यापासून लांब गेलं तर जीव वाचतो. प्लेगपासून पळालं तर प्लेग सोबत येतो. १८९६ च्या मुंबईतही हेच झालं. सुरतेचं भलं झालं ते पळण्यानं नाही. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, रोज सकाळी अधिकारी गल्लीत उतरले, कचरा उचलला जाऊ लागला. भीती ओसरल्यावरही काम चालू राहिलं, म्हणून ते शहर स्वच्छ झालं.

वाडीतली शिक्षिका

डॉक्टर, १८९६ ची आठवण काढलीत तर पुढचं वर्षही सांगते. पुण्यात प्लेग होता. घरोघर झडती घेणाऱ्या सोजिरांची भीती लोकांना प्लेगहून जास्त होती. लोक आजारी माणसं लपवत होते. त्या झडत्या सुरू व्हायच्या थोडं आधी सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात गेल्या. १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. आजोबा, हे तुमच्या मांडणीत कुठं बसतं? ते मूल त्यांच्या रक्ताचंही नव्हतं.

जीवशास्त्र शिकलेली

ताई, बसतं, असं मला वाटतं. ‘लढा किंवा पळा’, म्हणजे संकटात शरीर या दोनांपैकी एकाची तयारी करतं, ही कॅनन या शरीरशास्त्रज्ञांची शंभर वर्षांपूर्वीची मांडणी. २००० साली मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी म्हटलं, की ते अपुरं आहे. संकटात माणूस, विशेषतः बायका, पिलांना जवळ घेतात, एकमेकींकडे जातात. जपणं हीसुद्धा पळण्याइतकीच जुनी प्रवृत्ती आहे. आजोबांच्या सुनेला किंकाळीबरोबर हात पुढे करायला कोणी शिकवलं नव्हतं.

वाडीतली शिक्षिका

नाही. इथं मी हटणार नाही. सुनेचं मान्य. पण सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलत मुलींना शिकवलं होतं. प्लेग कसा जीव घेतो हे त्या रोज पाहत होत्या, आणि तरी त्या मुलाला उचललं. तो त्यांचा निर्णय होता. त्याला पिलं जपण्याची ऊर्मी म्हणणं मला त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. ऊर्मी असेलही तळाशी. पण त्या ऊर्मीला परक्याच्या पोरापर्यंत पोचवायला एक आख्खं आयुष्य लागलं.

जीवशास्त्र शिकलेली

हे मान्य करते.

अभियंता, अकोटा

तटबंदी आणि कोठारांच्या वाक्याला पुरवणी. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून आजवा सरोवर बांधलं. तहानेची आणि विहिरींच्या घाण पाण्याची धास्ती होती. आज त्याच आजव्यातून पाणी सोडलं की विश्वामित्री चढते, आणि शहरानं नदीच्या ओढ्या-नाल्यांत भराव टाकून घरं बांधली असल्यामुळे ते पाणी आपल्या दारात येतं. एका धोक्यावरचा इलाज पुढच्या पिढ्यांचा धोका होऊ शकतो. आणि मगरीच्या फोटोला हजारो लोक जमतात, नाल्यातल्या भरावाविरुद्ध सही करायला दहा माणसं मिळत नाहीत. भरावाला दात नाहीत. आपल्या अंगाला हळू येणारं संकट कळतच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे.

समाचे आजोबा

एक गोष्ट कबूल करतो. मी मूळ लिखाणात भीती एकच धरली होती. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका बाईविषयी वाचलं. तिला साप हातात घेताना काही वाटत नव्हतं. चाकू-पिस्तूल रोखलं गेलं तरी नाही. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ती गुदमरून भेदरली. बाहेरची भीती वेगळी, आतून येणारी वेगळी, मांडवीकरांच्या गच्चीवरची तिसरीच. ‘भीतीनं माणूस घडवला’ हे वाक्य मी आता इतक्या खात्रीनं लिहिणार नाही. कुठल्या भीतीनं, आणि ती कोणी हातात दिली, हे विचारीन.

सध्याचा माझा प्रश्न घरातला आहे. नात आता पाण्याच्या डबक्याजवळूनही जात नाही. परवा तिनं विचारलं, “मगरीला आपली भीती वाटते का?” मला उत्तर देता आलं नाही. इथं मगरी पकडायला जाणारं कोणी आहे का?

रेस्क्यूवाला

आहे, काका. पुरात रात्र-रात्र हेच करत होतो. उत्तर: हो, वाटते. ती तुमच्या गल्लीत शिकारीला आली नव्हती, लोंढ्यानं आणून टाकली होती. भिंतीला चिकटून पडली होती, म्हणजे लपायला आडोसा शोधत होती. आम्ही पकडताना सर्वांत आधी ओलं गोणपाट तिच्या डोळ्यांवर टाकतो. दिसायचं बंद झालं की ती शांत होते, मग जबडा बांधायचा. मिटायची ताकद भयंकर, उघडायची अगदी कमी, त्यामुळे साध्या दोरीनं तोंड बांधून राहतं.

नातीला थंडीत सकाळी दहा-अकराला काळ्या घोड्याच्या पुलावर आणा. ऊन खायला काठावर येतात. वरूनच बघायचं, काठावर अजिबात उतरायचं नाही, आणि फेब्रुवारीनंतर तर नाहीच, तेव्हा मादी अंडी घालते आणि घरट्याच्या जवळ कोणाला येऊ देत नाही. पिलं बाहेर आली की त्याच जबड्यात उचलून पाण्यात नेऊन सोडते. हेही सांगा तिला. मला आधी फोन नको, इथंच लिहा, मी पुलावर येईन.