स्टिरॉइडने फरक नाही, मामाचीही नजर गेलेली. लेबर (आईकडून येणारा, डोळ्याची नस मारणारा आनुवंशिक आजार) असेल का?

ऑप्टोमेट्रिस्ट, सोलापूर: मुलगा 19 वर्षांचा. आधी उजवा डोळा, दोन महिन्यांनी डावा. दुखत नाही, मधोमध डाग, लाल-हिरव्यात गोंधळ. एमआरआय नॉर्मल. बाहुली मात्र उजेडाला छान आकसते. कुठली तपासणी सांगू?

न्यूरो-ऑप्थॅल: लेबरच धरून चला. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत 3-4 मिली रक्त घेऊन मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा स्वतःचा डीएनए) 11778, 3460 आणि 14484 या जागा तपासा. तिन्ही बिघाड कॉम्प्लेक्स-1 चे, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या पहिल्या टप्प्याचे. मॅक्युलाकडून (पडद्याच्या मधल्या, बारीक दिसणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या बारीक तंतूंना डोळ्याच्या आत मायलिन (नसेवरचं आवरण) नसतं, संदेश न्यायला ऊर्जा जास्त लागते. म्हणून आधी तेच मरतात. बाहुली सांभाळणाऱ्या मेलॅनॉप्सिन (उजेड ओळखणारं रंगद्रव्य) असलेल्या पेशी बऱ्याच टिकतात. स्टिरॉइडचा उपयोग नाही, उगाच ओढू नका.

जेनेटिक्सवाला: तिन्ही निगेटिव्ह आले तर पूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम करा. शिवाय टीबीचं औषध चालू आहे का विचारा. इथॅम्ब्युटॉल, लिनेझोलिडनेही हुबेहूब असंच चित्र दिसतं. बी-12 बघा. आणि ‘सिगारेट ओढतोस का’ एवढ्यावर थांबू नका, आपल्याकडे विडी वेगळी विचारावी लागते. धूर आणि दारू आजच बंद.

ऑप्टोमेट्रिस्ट, सोलापूर: आयडेबेनोन हे औषध द्यायचं का? आणि बहिणीचं काय?

न्यूरो-ऑप्थॅल: 300 मिग्रॅ, दिवसातून तीनदा, जेवणासोबत. युरोपात 2015 पासून मान्य. जितकं लवकर तितकं बरं. लघवी लालसर होते, घाबरू नये. फायदा सगळ्यांना होत नाही. आपसूक सुधारणा 14484 मध्ये जास्त. दोष आईकडून येतो, त्यामुळे बहिणीतही असणार, पण बायकांची नजर जाण्याचं प्रमाण बरंच कमी. मामाच्या मुलांना मात्र धोका नाही.