मदत हवी आहे: प्रोजेक्टमध्ये 'दृष्टिकोन' म्हणून काय लिहू? सोमवारी द्यायचंय

गिरणाकाठची (शुक्रवार, रात्री ९:१०)
एम.ए. दुसरं वर्ष. प्रोजेक्ट लिहून झालंय, ६२ पानं. सरांनी परत दिलं. समासात लाल पेनाने एवढंच: "वर्णन चांगलं. दृष्टिकोन कुठे?" माझ्या नोट्समध्ये प्रकार्यवाद, संरचनावाद, सांस्कृतिक सापेक्षतावाद, प्रतीकात्मक मानवशास्त्र असं सगळं आहे. यातलं कोणतं लावू? नाव सांगा आणि चार-पाच ओळी कशा लिहायच्या तेवढं सांगा. "आधी वाचन वाढव" छाप सल्ले नकोत, हात जोडते.

चोपडेकर (९:२२)
बियाणं कोणतं पेरू विचारतेस ताई, जमीन काळी की मुरमाड ते सांगितलंच नाहीस. विषय काय आहे?

निवृत्त मास्तर (९:४०)
मुली, प्रथम पाया पक्का हवा. इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर सर्व क्षमता व सवयी यांचा संमिश्र समुच्चय म्हणजे संस्कृती. यातला 'मिळवलेल्या' हा शब्द अधोरेखित कर. संस्कृती रक्तातून येत नाही, शिकावी लागते. दुसरे असे की 'मानववंशशास्त्र' हा शब्द टाळ, 'मानवशास्त्र' लिही. वंश म्हटले की लोकांना कवट्या मोजणारे आठवतात.

गिरणाकाठची (९:४६)
मास्तर, व्याख्या पहिल्याच पानावर टाकली आहे. मला दृष्टिकोन हवाय.

खान्देशी वाघ (९:५१)
प्राध्यापकीच्या नेट परीक्षेची तयारी करतेस का? केली नसशील तर आत्तापासून कर. स्पर्धा परीक्षेला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय चांगला आहे, अभ्यासक्रम आटोपशीर. माझ्या भाच्याने घेतला होता.

चोपडेकर (९:५३)
विषय काय आहे??

मुक्काम पुणे (१०:०५)
विषय कोणताही असो, प्रकार्यवाद लाव, म्हणजे प्रत्येक रूढी समाजासाठी काहीतरी काम करते हा विचार. परीक्षकाला तोच कळतो. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोवस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला, तिथली भाषा शिकला, आणि १९२२ साली 'कुला' नावाच्या तिथल्या देवघेवीवर ग्रंथ लिहिला. शंखशिंपल्यांचे हार एका दिशेने फिरतात, बाहुबंद उलट दिशेने. वरवर पाहता निरुपयोगी वस्तू, पण त्यातून बेटाबेटांत नाती टिकतात. तुझ्या विषयातही 'याने समाजाची एकात्मता टिकते' असं लिहून टाक.

गिरणाकाठची (१०:१२)
सॉरी, विषय लिहायचा राहिला. कानबाई. आमच्या गावातला या देवीचा सण. मला वाटलं खान्देशच्या ग्रुपवर विचारतेय म्हणजे कळेलच.

भरीतप्रेमी (१०:१३)
कानबाई माय की जय!! गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आठवली.

वाघूर (१०:२०)
आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी नदीवर विसर्जन. देवी म्हणून नारळाला नथ, डोळे. प्रसादाचे गव्हाचे रोट मात्र पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. एकदा लहानपणी मी मित्राला रोटाचा तुकडा दिला तर काकूने अशी हाणली होती!

भरीतप्रेमी (१०:२४)
त्या गव्हाला घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ.

वाघूर (१०:२५)
माणसाच्या म्हणजे पुरुषाच्या.

भरीतप्रेमी (१०:२७)
आमच्याकडे सगळ्यांच्या.

वाघूर (१०:२८)
मग तुमच्याकडे चुकीचं करतात.

मुक्काम पुणे (१०:३५)
विषय कळल्यावर माझं मत बदललं. हे संस्कृतीकरणाचं सरळ उदाहरण आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कर्नाटकातल्या कूर्गवरच्या पुस्तकात ही संकल्पना मांडली. लोकदेवता हळूहळू मोठ्या देवीसारखी पुजली जाऊ लागते. आज कानबाईच्या मिरवणुकीत डीजे, फ्लेक्स, मोठी मूर्ती. प्रकरण तयार.

तापीमाय (१०:४८)
डीजे म्हणजे संस्कृतीकरण? श्रीनिवासांनी ते खालच्या समजल्या गेलेल्या जातीने वरच्यांचे आचार, खाणंपिणं, विधी उचलण्याबद्दल सांगितलं. डीजे कोणत्या वरच्या जातीचा आचार आहे? लोकदेवता आणि ग्रंथातली देवी यांच्या देवघेवीबद्दल बोलायचं तर अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियट बघ. १९५५ साली उत्तर प्रदेशातल्या एका गावावर लिहिताना त्याने दोन्ही दिशा दाखवल्या. गावातलं वर जातं तसं वरचं गावात येऊन गावासारखं होतं. पण तेही तू लगेच चिकटवू नकोस. गिरणाकाठची, माझे प्रश्न: किती घरं पाहिलीस? कोणाशी बोललीस? स्थापना चालू असताना तू कुठे बसली होतीस? नोंदी कोणत्या भाषेत आहेत?

गिरणाकाठची (११:०२)
घरं तीन, तिन्ही आमच्या भाऊबंदकीतली. मुख्य माहिती आजीकडून. थोडं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. वही होती, ती हॉस्टेलची खोली बदलताना हरवली. ६२ पानांतली बरीचशी आठवून लिहिलीत. हे सरांना सांगितलेलं नाही. कुठे बसले होते याचा इथे काय संबंध?

निवृत्त मास्तर (११:१५)
धीर सोडू नकोस. १९७० साली अमेरिकेत श्रीनिवासांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली. कर्नाटकातल्या रामपुरा गावात १९४८ मध्ये केलेल्या क्षेत्रकार्यावरून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. तरी त्यांनी स्मरणातून लिहिले आणि १९७६ साली त्यांचे ते प्रसिद्ध पुस्तक आले.

चोपडेकर (११:१८)
त्यांच्या नोंदी जळाल्या मास्तर, हिने हरवल्या. फरक आहे थोडा.

तापीमाय (११:२६)
आठवून लिहिलंय तर तसं स्पष्ट लिही, लपवू नकोस. आणि बसण्याचा संबंध आहे. श्रीनिवासांनीही मान्य केलंय की गावातल्या वरच्या, जमीनवाल्या लोकांत त्यांची ऊठबस जास्त होती, म्हणून गाव त्यांना तिथून दिसलं. तू कुठून पाहिलंस?

गिरणाकाठची (११:३१)
स्वयंपाकघरातून. स्थापना नीट दिसली नाही, कणीक मळत होते. स्थापनेचं वर्णन काकाने सांगितलेलं आहे.

सातपुड्यातला (११:४०)
मध्येच बोलतो. मी धडगावकडचा, पावरा आदिवासी. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतो. दरवर्षी बाहेरून कॅमेरे येतात आणि लिहितात की इथे मुलं-मुली जोडीदार निवडून पळून जातात. अरे, आम्ही होळीचं सामान घ्यायला जातो! ढोल वाजवतो, नातेवाईक भेटतात, चणे-गूळ घेतो, घरी येतो. माझी आई चाळीस वर्षं जातेय. बाहेरच्याने एकदा लिहिलं की पुढचे सगळे तेच उतरवतात. ताई, तुझी आजी जे शब्द वापरते ते तसेच ठेव.

तापीमाय (११:४७)
हाच तो एमिक आणि एटिकचा फरक. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाईकने १९५४ मध्ये फोनेमिक आणि फोनेटिक या शब्दांच्या शेपट्या तोडून ही जोडी केली. आतल्यांच्या लेखी कोणता फरक महत्त्वाचा, आणि बाहेरच्या मोजपट्टीने कोणता. दोन्ही लागतात, फक्त कुठलं कुठलं आहे ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

वाघूर (११:५२)
आजीचे शब्द म्हणजे अहिराणीत. पण प्रोजेक्ट शुद्ध मराठीत लागतं ना? अहिराणी ही मराठीची बोलीच आहे शेवटी.

खान्देशी वाघ (११:५४)
बोली कसाले? भाषा शे! ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशी (म्हणजे अहिराणी) भिल्ली भाषांच्या खंडात आहे, मराठीच्या खंडात नाही. काढून बघ.

वाघूर (११:५७)
इंग्रज अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी लिहिलं म्हणून?

खान्देशी वाघ (११:५८)
मग टायलर कोण होता, पारोळ्याचा?

*(यावर पुढे १४ प्रतिसाद. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)*

गिरणाकाठची (शनिवार, सकाळी ७:३५)
रात्रीचं सगळं वाचलं. कुणीच नाव सांगितलं नाही. व्हॅन गेनेपचं १९०९ चं पुस्तक चालेल का? संक्रमणविधी, म्हणजे माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातानाचे विधी. स्थापना म्हणजे वेगळं होणं, रात्रीचं जागरण म्हणजे उंबरठ्यावरची मधली अवस्था, विसर्जन म्हणजे परत येणं. तीन भाग बरोबर बसतात.

चोपडेकर (८:०२)
तीन भाग माझ्या चहाचेही बसतात. पाणी ठेवणं, उकळी, गाळणं. त्या विधीत कोण बदलून बाहेर येतं ते सांग. लग्नात मुलीची बायको होते, मुंजीत पोराचा बटू होतो. कानबाईत कोणाचं काय होतं?

गिरणाकाठची (८:०९)
कोणाचंच काही होत नाही बहुतेक. 😐

तापीमाय (८:३०)
मग ते ठेव बाजूला. काल वाघूर आणि भरीतप्रेमी कशावरून भांडले ते बघ. मूठ कोणाची मोजायची. तुझ्या घरी कोणाची मोजतात? तुझी मोजली का?

गिरणाकाठची (८:३४)
नाही. आमच्यात पुरुषांचीच. अकरा होते गेल्या वर्षी, काकाचा दोन महिन्यांचा नातू धरून. मी वर्णनात 'घरातील सदस्यांच्या संख्येनुसार गहू' असं लिहिलंय.

तापीमाय (८:३६)
'सदस्य'?

गिरणाकाठची (८:४१)
हो. आत्ता बघतेय.

तापीमाय (९:०५)
तुझ्या सरांची लाल ओळ याच एका शब्दाबद्दल असावी, असं मला वाटतं. मानवशास्त्रज्ञ गिअर्ट्झने १९७३ मध्ये 'सघन वर्णना'बद्दल लिहिताना राइल या तत्त्वज्ञाचं उदाहरण घेतलं. एकाची पापणी आपोआप फडफडली, दुसऱ्याने डोळा मारला. फोटो काढला तर दोन्ही सारखेच दिसतात. गहू मोजले हा फोटो झाला. मोजताना कोण कुळात धरलं गेलं आणि कोण नाही, हे लिहिलंस की वर्णनातच दृष्टिकोन येतो. यासाठी नातेव्यवस्था घे. इरावती कर्व्यांचं १९५३ चं नातेसंबंधांवरचं पुस्तक उघड. महाराष्ट्राला त्यांनी मध्य विभागात धरलंय, उत्तर आणि दक्षिणेच्या रीती जिथे एकमेकींत मिसळतात तिथे. दोन महिन्यांचं पोर कुळात, आणि साठ वर्षं रोट भाजणारी आजी?

मुक्काम पुणे (९:२०)
फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉसचा १९२५ चा दानावरचा निबंधही बसतो इथे. देणं, घेणं, परत करणं ही बंधनं.

तापीमाय (९:२४)
उलटा बसतो. इथे मुद्दाच हा आहे की रोट द्यायचे नाहीत. वाघूरने मार खाल्ला तो उगाच नाही. 'जे बाहेर देता येत नाही त्याने आतलं कोण ते ठरतं' असा वापर करणार असशील तर घे. एका परिच्छेदात, जास्त नको.

निवृत्त मास्तर (९:४१)
मला हे पटत नाही. मानवशास्त्रज्ञ बोआसने शिकवले की प्रत्येक संस्कृती तिच्याच चौकटीत समजून घ्यावी. आपल्या शहरी स्त्री-पुरुष समानतेची फूटपट्टी खेड्यातल्या देवीला का लावायची? मुलीने आजीवर न्यायनिवाडा करू नये.

सातपुड्यातला (९:५०)
मास्तर, ती खेड्यातलीच आहे. फूटपट्टी कोणी बाहेरून आणलीय?

तापीमाय (९:५८)
आणि सापेक्षतावाद म्हणजे 'विचारू नका' नव्हे. आधी त्यांच्या तर्काने समजून घ्या, निकाल नंतर. ते समजायचं तर विचारावंच लागेल. गिरणाकाठची, आजीला फोन लाव. 'हे चूक नाही का' असं विचारू नकोस. 'तुझी मूठ कुठे मोजतात' एवढंच विचार.

गिरणाकाठची (१०:०३)
दोन दिवसांत नवीन मुलाखत? सगळं लिहून झालंय हो माझं.

चोपडेकर (१०:०५)
आजीच आहे, अपॉइंटमेंट लागते का?

भरीतप्रेमी (१०:३०)
फोन लावशील तेव्हा गंगाफळाच्या भाजीला मेथ्या घालतात का तेवढं विचार. आमच्या घरात यावरून दोन मतं आहेत.

गिरणाकाठची (दुपारी १:१५)
लावला. आजी आधी हसली. म्हणाली, "दयनारीनी मूठ कोन मोजस वं पोरी?" म्हणजे दळणारीची मूठ कोण मोजतं. मी विचारलं, तुझ्या माहेरी मोजत होते का? तिथेही नाही. मग तिने आपणहून सांगितलं की गहू पुरुषांच्या नावाचे असले तरी मोजायला काकू नाहीतर तीच बसते. पुरुष नुसती नावं सांगतात आणि तेही विसरतात. काकाला त्याच्या पुतण्यांची नावं क्रमाने येत नाहीत, आजीला चार पिढ्यांची येतात, वारलेल्यांचीसुद्धा. एका वर्षी एक चुलत काका भांडून वेगळा झाला, तर त्याची मूठ धरायची की नाही हे आजीने ठरवलं होतं. धरली. कोणाला सांगितलं नाही. हे सांगताना आवाज बारीक केला तिने, घरात कोणीतरी होतं.

हे कुठे घालू आता?

तापीमाय (१:२२)
प्रकरण पहिलं. चुलत काकाचं लिहिण्याआधी आजीला विचार, छापलं तर चालेल का.

निवृत्त मास्तर (१:३०)
म्हणजे कुळाची यादी म्हातारीच्या हाती! मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. 'सदस्य' हा शब्द मात्र आजच खोडून टाक.

मुक्काम पुणे (१:४१)
तरी शेवटी एक परिच्छेद प्रकार्यवादाचा ठेव. परीक्षक बाहेरचा असतो.

गिरणाकाठची (१:४४)
आजी म्हणाली चालेल, पण काकाचं नाव नको आणि गावाचंही नको. पहिलं प्रकरण परत लिहायला बसते. वही हरवल्याचं पद्धतीच्या प्रकरणात टाकते. सर ओरडतील, ओरडू देत.

@भरीतप्रेमी, मेथ्या घालतात. फोडणीत, चार दाणे. जास्त नको म्हणाली.

भरीतप्रेमी (१:४६)
बायकोला दाखवतो हे.