कडा गेल्या की डाव बदलतो
बुद्धिबळाच्या पटाचा आकार बदलला तरी मोहरे तसेच चालतात, मग डावपेच का बदलावेत, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला मान्य नाही. चाल तीच राहते, पण मोहऱ्याची ताकद पटाच्या कडा ठरवतात.

दंडगोल बुद्धिबळ घ्या. त्यात डावी आणि उजवी कड एकमेकींना जोडलेली धरतात. नेहमीच्या मोकळ्या पटावर उंट कडेवरून ७ आणि मध्यातून १३ घरांवर मारा करतो. दंडगोलावर तो कुठेही ठेवा, १३च! हत्तीची १४ घरं मात्र दोन्ही पटांवर तेवढीच, म्हणजे उंट जवळजवळ हत्तीच्या तोलाचा होतो. (नेहमीच्या पटावर जो कोपरा, तिथल्या घोड्याचीही २ची ४ घरं होतात.) मग कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करून राजा कडेला दडवायचा कशाला? पलीकडून वार येणारच. उंट-घोड्याने एकट्या राजाला कोपऱ्यात रेटून मात द्यायचं तंत्र तर कोपराच नसल्याने निकामी.

माझा जीव जडलाय तो ग्लिन्स्की यांनी १९३६ साली शोधलेल्या षटकोनी पटावर. ९१ घरं, घरांचे तीन रंग आणि उंट कायम एकाच रंगावर चालणारा, म्हणून प्रत्येकाला तीन उंट. ‘विरुद्ध रंगांचे उंट (म्हणजे दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरांवर) उरले की बरोबरी’ हा आडाखा तिथे मुळापासून नव्याने मांडावा लागतो.