वॉकर नंबर १७ (दिलेलं, घेतलेलं, पोचवलेलं: सगळ्यांनी लिहा)

जुनी_वही
काल लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचे आजोबा भेटले, हातात वॉकर. माझी नजर आधी वॉकरच्या पायांवर गेली. चारही पायांना खालून तिसऱ्या भोकापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका माझा आहे!

११ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हाच वॉकर आमच्याकडे होता. माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. येता-जाता बटणं दाबून वॉकरचा कधी जिराफ करायचा, कधी कासव. शेवटी वैतागून मी योग्य भोकाला खूण करून ठेवली.

वॉकर आणला होता एका खोलीतून. संस्था म्हणायची ती, पण पाटीसुद्धा पुठ्ठ्याची. रुग्णांना लागणाऱ्या वस्तू अनामत ठेवून वापरायला द्यायचे. टेबलामागच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "पेशंटची उंची?" मला सांगता येईना. इतकी वर्षं एका घरात राहून सासूची उंची माहीत नाही! "बरं, त्यांना सरळ उभं करा, हात खाली सोडू द्या. मनगट जिथे येईल तिथे वॉकरची मूठ यायला हवी." मी मान डोलावली, पण माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, संध्याकाळी काका स्वतःच घरी हजर. दाराशी बसले, बटणं दाबली, सासूबाईंना चार पावलं चालवलं आणि गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

वस्तू परत करताना अनामत त्यांच्याकडेच राहू दिली. काकांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "गुरुवारी मोकळ्या असता का?" मी नाही म्हटलं. खरं तर मोकळी होते.

काल तो ठिपका बघून हे सगळं आठवलं. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. देणारे, घेणारे, राबणारे, कोणीही.

घाईत_आहे
नेलपॉलिश!! हे भारी. आमच्या बाबांच्या काठीला मी सेलोटेप लावली होती.
काठीवरून आठवलं, काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते, उलट्या हातात धरायची. बाबा सहा महिने चुकीच्या हातात धरून चालत होते आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले बघत होतो. सांगितलं कोणी, तर काठी द्यायला आलेल्या कॉलेजच्या पोरीने. बाकी नंतर लिहिते, मशीन थांबलं वाटतं.

अडगळवाला
मी दर रविवारी अशाच एका ठिकाणी आलेल्या वस्तू निवडायला बसतो, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा आहे. लोक काय काय देतात! एक पायातला बूट. एकच. उजवा. अर्ध्या वापरलेल्या औषधाच्या बाटल्या, त्याही मुदत संपलेल्या. फोडलेलं औषध आम्ही घेतच नाही, पण पिशवीच्या तळाशी असतंच. ज्यातून फक्त हवा येते तो हेअर ड्रायर (हवाच येणार म्हणा, पण गार). लोकांचा माळा रिकामा होतो आणि आमचा रविवार भरतो.

एक नियम मात्र मी स्वतःपुरता केलाय. आलेल्या पिशवीवर देणाऱ्यासमोर हसायचं नाही. एकदा हसलो होतो. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे चांगली व्हीलचेअर होती हे नंतर कळलं.

निवांत
@अडगळवाला, एका पायाचा माणूस तो बूट शोधत असेल की :)

अडगळवाला
@निवांत, हसू नका, खरंच एकाने नेला. माप जुळलं.

ओ_निगेटिव्ह
आमचं काम रक्ताचं. म्हणजे मी फोन करते, बाकी काही नाही. यादी असते, वहीत नाही तर डोक्यात. कोण कधी देऊन गेलं, कोणाला कावीळ झाली होती, कोणाची बायको फोन घेते आणि "आत्ता नको" म्हणते.

लोकांना वाटतं शिबिराला गर्दी झाली की काम फत्ते. मोठी दुर्घटना घडली की त्या दिवशी दारापर्यंत रांग लागते, आणि दोन महिन्यांनी शुकशुकाट. लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स तर जेमतेम ५. त्या दिवसाची गर्दी साठवून ठेवता येत नाही हो. म्हणून मी रांगेतल्या अर्ध्या लोकांना "आज नको, पुढच्या महिन्यात या" म्हणून घरी पाठवते. उत्साहाने आलेल्या माणसाला परत पाठवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. काही रागावतात. जे महिन्याने परत येतात ते मग वर्षानुवर्षं येत राहतात.

बॉम्बे_ग्रुप
वरच्या ताईंना नमस्कार. माझा आयडी वाचून कळलंच असेल, माझा रक्तगट बॉम्बे, फार दुर्मिळ. साध्या तपासणीत माझा गट "ओ" दिसतो, पण मला ओ चालत नाही, फक्त बॉम्बेच चालतो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये, तेव्हाच्या बॉम्बेत सापडलेला हा गट प्रथम जगासमोर मांडला, म्हणून हे नाव. मला चोविसाव्या वर्षी कळलं, आणि त्या दिवसापासून मी दाताही झालो आणि गरजूही. आमच्यासारख्यांची यादी ठेवणारा माणूस नोकरी सांभाळून हे करतो. रात्री दोनला त्याचा फोन आला की मी "किती वाजता निघू" एवढंच विचारतो. उद्या मलाच लागलं तर त्याच यादीतल्या कोणाचा तरी फोन वाजणार आहे.

घाईत_आहे
बापरे. काटा आला.
कोणाला एअर बेडचं काही माहीत आहे का? आमच्याकडे एक आहे, द्यायचा आहे, पण हवा जाते. असा दिलेला चालेल?

पान्हा_पक्कड
चालेल, पण दुरुस्त करून द्या किंवा "हवा जाते" अशी चिठ्ठी लावून द्या. हवा भरा, साबणाचं पाणी स्पंजने फिरवा, बुडबुडे आले की तिथे भोक. आधी नळीचा सांधा बघा, बहुतेक वेळा तोच निघतो. आणि ज्यांच्याकडे जाईल त्यांना सांगा, एअर बेड आहे म्हणून पेशंटला कूस बदलून देणं थांबवायचं नाही. दर दोन तासांनी वळवायचंच. लोक पंप चालू करून निर्धास्त होतात आणि मग जखमा होतात.

मी संस्थेत व्हीलचेअर दुरुस्त करतो. अवांतर होईल, पण सांगतोच. घडीची व्हीलचेअर काढली ती हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्स या दोघांनी, १९३० च्या दशकात. एव्हरेस्टना खाणीतल्या अपघातात अपंगत्व आलं होतं, जेनिंग्स इंजिनिअर मित्र. गाडीत मावेल अशी खुर्ची हवी म्हणून खाली कैचीसारख्या आडव्या पट्ट्या टाकल्या. आजही माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक खुर्च्या तीच कैची घेऊन येतात, आणि बिघाडही बहुधा तिथेच असतो. नट ढिला.

निवांत
पान्हा भाऊ, तुमच्याकडे बसायला यावंसं वाटतंय.

पान्हा_पक्कड
या की. खुर्च्या भरपूर आहेत.

फोटो_नको
सगळं गोडगोड चाललंय म्हणून कडू लिहितो. आम्ही घेणाऱ्यांपैकी. आईसाठी व्हीलचेअर मिळाली. खुर्ची चांगली होती, पण देताना आईला मध्ये बसवून मागे फलक, आजूबाजूला आठ माणसं, फोटो. आईने पदर चेहऱ्यावर ओढला तर एक जण म्हणाला, "आजी, जरा हसा." नंतर ती त्या खुर्चीत कधी बसली नाही. आम्ही दुसरीकडून आणली, अनामत भरून. पावती घेतली, फोटो नाही. तिला ती चालली.

जुनी_वही
@फोटो_नको, काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार सांगा. असतील ना?

फोटो_नको
आहेत. वरची कमेंट वाचून दाखवली, म्हणाल्या पदर नाही, शाल होती.

हिशेबनीस
बारा वर्षं खजिनदार आहे, म्हणून दोन ओळी. मोठी देणगी देणाऱ्याला खुर्चीच्या पाठीवर आजोबांचं नाव हवं असतं. ठीक आहे, घालतो. पण खोलीचं भाडं, वीजबिल, टेम्पो, वॉकरच्या पायाचे रबरी बूट यावर कोणालाच नाव नको असतं. रबर झिजलं की वॉकर फरशीवर सरकतो, पेशंट पडतो. आमची संस्था चालते ती दर महिन्याला थोडेथोडे देणाऱ्या साठ-सत्तर लोकांवर. त्यांच्यातले निम्मे कधीतरी आमच्याकडून वस्तू नेलेले.

इतिहासाचा_तास
१८५९ ची इटलीतली सोल्फेरिनोची लढाई. आंरी द्युनां हा व्यापारी माणूस स्वतःच्या कामासाठी तिकडे गेला होता. शेजारच्या कास्तिलिओनेत जखमींचा खच पडलेला. गावच्या बायका दोन्ही बाजूंच्या सैनिकांना सारखंच पाणी पाजत होत्या, "तुत्ती फ्रातेल्ली" म्हणत, म्हणजे सगळे भाऊच. त्यातून पुढे १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली. द्युनांला १९०१ चं शांततेचं पहिलं नोबेल मिळालं (विभागून), त्याच्या आधी त्याचं दिवाळंही निघालं होतं. त्या बायकांची नावं मात्र

निवांत
आला तास. सर, वाक्य पूर्ण करा की.

इतिहासाचा_तास
नात फोन ओढतेय.

रिकामी_दुपार
मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. २०२१ मध्ये बायकोसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतला होता. ती गेल्यावर तो खोलीत तसाच. बघवेना, म्हणून एका संस्थेला देऊन टाकला. दोन महिन्यांनी त्यांच्याकडच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "काका, यंत्र पडून राहिलं की बिघडतं, आतल्या झिओलाइटला, म्हणजे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या दाण्यांना, ओल लागते. महिन्यातून एकदा तरी चालवावं लागतं आणि आमच्याकडे माणूस नाही. याल का?" मला राग आला होता. यंत्र दिलं, आता मीही येऊ?

गेलो. एक यंत्र नव्हतं, नऊ होती. जाळ्या काढून धुवायच्या, वाळवायच्या, अर्धा तास एकेक चालवायचं, वहीत तारीख टाकायची. आता तिथे दर बुधवारी असतो. आमचं यंत्र आवाजावरून ओळखतो, थोडं घरघरतं. आत्ता ते कोणाकडे तरी आहे, तीन आठवडे झाले. आवाज नाही म्हणून चुकल्यासारखं होतं, आणि बरंही वाटतं.

ओ_निगेटिव्ह
काका 🙏

घाईत_आहे
रिकामी_दुपार काका, आयडी बदला आता.
@पान्हा_पक्कड नळीचाच सांधा निघाला!!! धन्यवाद.

जुनी_वही
आज वर जाऊन आले. आजोबा उंच आहेत, त्यांना चौथं भोक लागतं, त्यामुळे माझा ठिपका निरुपयोगी. त्यांच्या सुनेने विचारलं, "ही खूण कसली हो? आम्हाला वाटलं कंपनीची." सांगितल्यावर ती आतून बाटली घेऊन आली. आता चौथ्या भोकावर मोरपंखी ठिपका आहे.
ती खोली अजून तिथेच आहे म्हणाली. काका नाहीत, दुसरं कोणी बसतं. गुरुवारीच उघडी असते.

निवांत
माळ्यावर कमोड खुर्ची सापडली. अडगळवाले, घ्याल का? हसायचं नाही.

अडगळवाला
भांडं आहे का त्याचं? लोक भांडं विसरतात.

निवांत
थांबा, बघतो.