इस्तंबूलचा जुना फोटो घेतलाय, खाली 'पी. सेबाह' लिहिलंय, कधीचा असेल?

ठाण्याचा_भटक्या: इस्तंबूलला जुन्या बाजारात एक तपकिरी फोटो घेतला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सहा मिनारांची ती सुलतान अहमद मशीद आणि पुढे मोकळं मैदान, माणूस औषधालाही नाही. कोपऱ्यात पी. सेबाह आणि नंबर. दुकानदार छातीठोक १८६० म्हणत होता, पण तो काय काहीही म्हणेल. खरा आहे का हे घरी कसं बघू?

जुनी_काच: आधी भिंग घ्या. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापखान्यातला माल, विषय संपला. ठिपके नाहीत आणि वरच्या चकचकीत थराखाली कागदाचे तंतू दिसतायत, तर बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट. म्हणजे अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून कागदाला लावायचे, मग सिल्व्हर नायट्रेट, आणि निगेटिव्हखाली ठेवून उन्हात छापायचे. कागद एवढा पातळ की गुंडाळीच व्हायची, म्हणून पुठ्ठा.

आता नाव. पास्कल सेबाहने स्टुडिओ काढला १८५७ ला, वारला १८८६ ला. पुढे जोआये नावाचा पार्टनर आला आणि सही 'सेबाह अँड जोआये' झाली. तुमची निगेटिव्ह त्याआधीची वाटते, पण जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून नंतरही प्रिंट काढून टुरिस्टांना विकायचे, त्यामुळे नुसत्या सहीवर १८६० म्हणणं म्हणजे थापच.

रिकामटेकडी: माणसं होती हो, पण एक्सपोजर काही सेकंदांचं, चालणारा माणूस काचेवर उमटायचाच नाही, फार तर धूसर डाग. आभाळ पण कोरं पांढरं असेल बघा, त्या काचेवर निळा प्रकाश जास्तच उमटायचा म्हणून ढग गायब. लोक हे फोटो बघून शहर ओसाड होतं म्हणतात, डोकं फिरतं माझं.

कॉन्स्टँटिनोपलकर: मैदानात घुमटवालं जर्मन कारंजं आहे का? ते १९०१ चं. आणि पुढच्या वेळी शहराचा मोठा व्ह्यू मिळाला तर गलाटा टॉवरचं टोक बघा, निमुळतं छप्पर १८७५ च्या वादळात उडालं ते थेट १९६० च्या दशकात परत बसवलं.

ठाण्याचा_भटक्या: कारंजं नाही, ठिपके पण नाहीत!! पुठ्ठ्यामागे काही लिहिलंय का बघायला सोडवू का?

जुनी_काच: अजिबात नको, फाटेल. सुलतान अब्दुलहमीदने १८९३ च्या सुमारास अमेरिकेला ५१ अल्बम पाठवले होते, त्यात अब्दुल्ला बंधू या तिथल्याच फोटोग्राफरांचे ढीगभर फोटो, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. त्यातल्या मैदानाशी झाडं नि कुंपण जुळवून बघा.